मागचं चाक

मस्तगड, जालना
४ नोव्हेंबर २०२४

श्रीमती शिवकन्याबाई यांस,

आपण माझा फोन ब्लॉक केलेला आहे. आपल्या शेजारचा कचरू जालन्याला आला तेव्हा त्याच्या फोनवरून लावून पाहिला, तर माझा आवाज ऐकून आपण ठेवून दिला. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवीत आहे. पोहोचपावती माझ्याजवळ राहील.

विषय सायकलीचा आहे. कै. अण्णांची रॅले सायकल, हँडलला गिअरची दांडी असलेली, मी त्यांच्या तेराव्याच्या दिवशी रीतसर जालन्याला आणली, हे सर्व भावकीला ठाऊक आहे. अण्णा मलेरियाच्या कामावर लागले तेव्हा दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी विलायतेला परत जाताना ती त्यांना दिली होती. अशी सायकल आता तालुक्यात दुसरी नसेल. दोन वर्षं ती आमच्या गच्चीवर पत्र्याखाली उभी होती. चेनच्या डब्याची गंजून चाळणी झाली, हँडल तांबडं पडलं, पॅडल जागचं हलत नाही. आता मी ती दुरुस्त करायला घेतली आहे. गरज अशी काही नाही. शौक आहे.

परंतु सदर सायकलीचं मागचं चाक आपल्या ताब्यात आहे. तिन्ही गिअर त्याच चाकाच्या मधल्या तुंब्यात आहेत. ते नसेल तर सायकल म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. तरी पत्र मिळताच चाक जालन्याच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यावं. मी स्टँडवर उतरवून घेईन.

चाकावर आपला कोणताही हक्क नाही. जमिनीत घेतला तेवढा पुरे.

धर्मराज


धावडा
१४ नोव्हेंबर २०२४

धर्मा,

मी तुझी थोरली बहीण. पायजे तं अक्का म्हण, पायजे तं शिवी दे, पण 'आपण' म्हणू नको. तुझ्या तोंडी ते बराबर बसत न्हाई.

पोष्टमन सही घ्यायला मिरचीच्या रानात आला. तोडणीच्या बायांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. फोडून बघितलं तं सायकलीचं चाक. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलंस. ओवाळणी चांगली धाडलीस, पोहोचपावतीसकट.

आता तुझं 'रीतसर' काय होतं ते ऐक. तेराव्याची पंगत उठली न्हाई तं तू टेम्पो आणून दारात लावला. कपाट चढवलं, अण्णांचा पलंग चढवला, मंग सायकलीकडं वळला. तितक्यात मी पाना घेऊन मागचं चाक काढलं आणि धान्याच्या खोलीत टाकून कुलूप घातलं. सगळ्या भावकीनं पाह्यलं. लंगडं जनावर न्यावं तशी तू ती फरफटत नेली. अर्धी तुला, अर्धी मला. वाटण्या तुलाच आवडतात.

आणि फोन कशानं ब्लॉक झाला ते बी लिहायचं होतं नोटिशीत. बहिणीनं आपला हिस्सा सोडला असा कागद तू माझ्यापुढं धरला. मी सही न्हाई केली. नवऱ्याच्या घरून परत आलेली बाई मी, आठ वर्षं त्या घरात बापाचं हागणं-मुतणं काढलं, मी कशाला सोडू? तू मला फोनवर घरबुडवी म्हणलास. मी बटन दाबलं.

चाक आता न्हाई. मागल्या उन्हाळ्यात भंगारवाला आल्ता, त्याला देऊन टाकलं. बदल्यात प्लास्टिकची बादली आली. ती पायजे असंल तं एसटीत ठेवते.

शौक कसला रे? मिलमधी भट्टीपुढं उभं राहून आल्यावर तुला सायकल घासायचं सुचतं? दीपमालाला म्हणावं, नवऱ्याला काही काम लाव.

शिवकन्या


मस्तगड, जालना
२५ नोव्हेंबर २०२४

अक्का,

घे, अक्का म्हणलं. आपण म्हणलं तरी राग, तू म्हणलं तरी राग.

तू खोटं बोललीस. कचरू परवा मोंढ्यात मका घेऊन आल्ता. मी सहज विचारलं, "आमच्या घरी भंगारवाला कधी आल्ता रे?" तो म्हणला, "कोणता भंगारवाला? खंडेनवमीला तुझ्या बहिणीनं ओसरीवर विळे-खुरपे मांडल्ते, मधोमध ते चाक. हळद-कुंकू, झेंडूचा हार. मला म्हणली, जरा उचलून धर, तुंब्यात तेल सोडायचं." म्हणजे चाक आहे, तेलपाणी बी चालू आहे, आणि मला बादली दाखवतीस!

इकडं मी काय करून राह्यलो ते ऐक, मंग सांग हक्क कोणाचा. दिवाळीपासून नुसता गंज काढतोय. गंजाचं औषध दुकानात मिळतं, पण तेवढा खर्चा कोण करणार? गॅरेजवरून जळकं ऑइल मागून आणलं. हँडलला चिंचेच्या कोळात भिजवलेली फडकी गुंडाळली. आमटीला चिंच उरली न्हाई म्हणून दीपमाला ओरडली. मंग राखेनं घासलं तं खालून चांदी निघाली. पॅडलचा आस जाम होता, मी हातोडी उचलली. जुन्या जालन्यात लालमियाँचं दुकान आहे ना, अण्णा जिथं बसायचे, ते म्हणले, "ठोको मत. तेल पिऊ दे त्याला." रोज तेल पाजत राह्यलो. एका दिवशी पाना लावला आणि लोण्यातून फिरल्यासारखा फिरला. आतले छर्रे सगळे चपटे. ते तेवढे नवे घातले. ब्रेकचं रबर कुठंच मिळंना, मोपेडचं कापून बसवलं. सीट भंगारातली. रंग एका घरमालकाच्या गेटला लावून उरलेला, काळा.

फ्रेम घासताना एक सोनेरी रेघ निघाली. एवढ्या वर्षांनी. ती तशीच ठेवली, कडेकडेनं रंग दिला.

सध्या लालमियाँचं एक साधं चाक लावलंय. चालती, पण पुलाच्या चढावर जीव जातो. हा गुडघा तुला माहीत आहे. तुझ्याजवळचं चाक असतं तं पहिल्या गिअरवर...

असो. शौकाची चीज अस्सल पायजे, एवढंच. चाक धाड. नसता येऊन कुलूप तोडीन.

धर्मराज


धावडा
९ डिसेंबर २०२४

धर्मा,

ये तोडायला. कुलूप नवं आहे.

ह्या कचरूला दोन तोंडं आहेत. एक जालन्यात उघडतं, एक धावड्यात. तुला त्यानं खंडेनवमी सांगितली, मला पूल सांगितला. "अक्का, तुझा भाऊ भर दुपारी सायकल ढकलत पुलावर चढत होता. हँडलला दोन्हीकडं डब्यांच्या पिशव्या, मागं क्रेट बांधलेलं. मी हाक मारली तं त्यानं तोंड फिरवलं."

मी कचरूला ओसरीवर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. पोळ्यापासून तुझी मिल सुटली. मोटरसायकल विकली. दीपमाला डबे करती, तू एमआयडीसीत नेऊन देतोस. सगळ्या भोकरदन तालुक्याला माहीत, मला सोडून.

शौक म्हणतो!

राग डबे वाहण्याचा न्हाई. काम आहे ते. माझ्या हाताची मिरचीनं रोज आग होती, मी कोणाला शौक सांगत न्हाई. राग ह्याचा, की पोटाची गोष्ट बी तू मला नोटीस धाडून सांगितलीस. तुला वाटलं, बहिणीला कळलं तं ती हसंल. मी हसले का? हो, हसले. कचरूपुढं हसले. मंग तो गेल्यावर मला जेवण गेलं न्हाई, ते बी तुझ्याच नावावर लिहून ठेव.

चाक आहे. बादली खोटी होती. पण देणार न्हाई. आधी माग. नोटीस न्हाई, हक्क न्हाई, कुलूप न्हाई. "अक्का, अडचण आहे, चाक दे," एवढं लिही. हात झडणार न्हाई तुझा.

शिवकन्या


मस्तगड, जालना
१६ डिसेंबर २०२४

शिवकन्याबाई,

मागणार न्हाई.

पुलावर गुडघा फुटला तरी चालंल. तुझ्यापुढं हात पसरायचा आणि मंग ते कचरूनं गावभर सांगायचं, हेच तुला पायजे. घरी बसून भावाला नाक घासायला लावायचं.

तुझ्याजवळ मागण्यासारखी एकच गोष्ट होती. ती तू दिली न्हाईस. अण्णांचं तोंड.

मला फोन आला तो दुपारी, आणि तो बी कचरूचा. "धर्मा, पहाटे गेले. उरकलं सगळं." उरकलं! मी मोटरसायकल काढली. भोकरदनच्या पुढं मला रस्ता दिसत नव्हता. स्मशानात आलो तं राख गरम होती. पोरगा जालन्यात जिवंत बसलेला, आणि अग्नी दिला चुलत्याच्या पोरानं. लोकांपुढं तू म्हणलीस, "फोन लावला, रेंज नव्हती." जालना शहरात रेंज नव्हती? मी तवाच फोन उघडून पाह्यला. तुझा एक कॉल न्हाई. त्या दिवशीचा न्हाई, आदल्या दिवशीचा न्हाई, त्या आठवड्याचा न्हाई.

मला बराबर कळतं कशानं. म्हातारा शेवटच्या घडीला मला जवळ घेईल आणि तुझा हिस्सा हलंल, ही भीती होती तुला. म्हणून तू बापाला पोरावाचून मारलंस.

चाक गळ्यात बांधून घे. ह्याच्यापुढं पत्र आलं तं न फोडता परत धाडीन.

धर्मराज


धावडा
२८ डिसेंबर २०२४

धर्मा,

परत धाडायचं तं धाड. मी लिहिणार आहे. दोन वर्षं तोंड दाबून बसले.

फोन मी केला न्हाई. खरं आहे. रेंज होती.

त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस झाले असतील, तू आल्ता. सोबत भोकरदनचा तो बाँड लिहिणारा. अण्णांना मी नुकतंच पुसून, कपडे बदलून निजवल्तं. तू म्हणलास, "अक्का, चहा टाक." मी चुलीपाशी गेले. मला बरंच वाटलं, भाऊ आलाय, बापापाशी बसलाय. पातेलं घेऊन आले तं तू अण्णांना पाठीमागून धरून बसवल्तं. त्यांची मान लटलट करत होती. आणि तो माणूस त्यांच्या अंगठ्याला शाई लावत होता. सगळं रान तुझ्या नावानं.

अण्णांना सही येत होती, धर्मा. गावोगावच्या भिंतींवर फवारणीची तारीख घालून खाली सही करायचे ते. अशा माणसाचा अंगठा धरला तुम्ही. त्यांनी मूठ आवळली. अंगात एवढं बळ कुठून आलं मला ठाऊक न्हाई, तीन महिने चमचा धरला नव्हता त्यांनी. मी चहाचं पातेलं त्या बाँडवाल्याच्या पायावर ओतलं, तवा तुम्ही निघालात.

त्याच्यानंतर दारावरून गाडी गेली की अण्णा विचारायचे, "धर्मा आला का?" मला वाटलं वाट पाहून राह्यले. मी म्हणलं, "बोलावू का त्याला?" तं म्हणले, "नको. तो आला की मला वाटतं, कागद आणला."

मरायच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा विचारलं. फोन हातात होता, तुझं नाव काढलेलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. न्हाई म्हणून. मी फोन ठेवून दिला.

जाणाऱ्याचं ऐकायचं का राहणाऱ्याचं? मी त्यांचं ऐकलं. लोकांना रेंज सांगितली, कारण बापानं पोराला नको म्हणलं हे पंगतीत कसं सांगायचं. तू मला घरबुडवी म्हणलास, मी ऐकून घेतलं. भावकीनं मला हिश्श्यासाठी फोन दाबला म्हणून नावं ठेवली, ते बी घेतलं. आता तू लिहिलंस, मी बापाला पोरावाचून मारलं.

मंग ऐक. तुझा बाप तुला भिऊन मेला.

आता परत धाड.

शिवकन्या


मस्तगड, जालना
२० जानेवारी २०२५

अक्का,

मी दीपमाला. तुमचं माझं कधी पटलं नाही. हे पत्र पटवायला लिहीत नाही.

तुमचं मागचं पत्र आलं त्या दिवशी हे डबे देऊन आले, उंबऱ्यावर बसून वाचलं आणि खिशात घातलं. मला दाखवलं नाही, मी मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात घालून आले. एवढी घासली, रंगवली, रोज पोरासारखी पुसली, आणि देऊन आले. मला गल्लीतल्या बाईनं सांगितलं. मी कणकेच्या हातानं पळत गेले. तो भंगारवाला म्हणतो, "बाई, मी विकत घेतली." मी म्हणलं, "विकायला ती ह्यांची एकट्याची आहे का? मागचं चाक नणंदेकडं आहे, तिला विचारलं का?" त्याला काही कळलं नाही, पण सायकल दिली.

तेव्हापासून हे तिला हात लावत नाहीत. डबे दोन्ही हातांत घेऊन पायी जातात. जेवण गार होतं. गिऱ्हाइकं सुटून राह्यलीत. घरी आले की गुडघा धरून बसतात आणि मी वीट गरम करून शेकते. बोलत नाहीत. आधी निदान तुम्हाला शिव्या तरी द्यायचे.

पत्रात काय असेल त्याचा अंदाज आहे मला. बाँडवाला घेऊन गेले तेव्हा मी जाऊ नका म्हणले नव्हते. मला ते रान पाहिजे होतं. आज बी पाहिजे. ते तुमचं तुम्ही भांडा.

मला एवढंच विचारायचं आहे, चाक तुमच्या काय कामाचं? वर्षातून एकदा हार घालायला? मला तर वाटतं, चाक दिलं की भावाचं पत्र बंद होईल, ही तुमची अडचण आहे. तसं असेल तर असो. पण माझे डबे त्यात अडकवू नका. मला रोज पूल चढून जेवण पोहोचवायचं आहे, गरम. द्यायचं तर द्या, नाही तर नाही म्हणा. मी हप्त्यानं दुसरी सायकल पाहते.

एका ओळीत कळवा.

दीपमाला


धावडा
२८ जानेवारी २०२५

दीपमाला,

पुढच्या गुरुवारी पहिल्या गाडीनं चाक घेऊन येते. त्याला सांगू नको, आणि माझ्यासाठी सैपाक करू नको.

पत्र बंद होईल वगैरे जे लिहिलंस ते तुझ्या मनाचं आहे. मला त्याच्या पत्रांची काय गरज पडली?

रान पायजे असं तोंडावर बोललीस, ते बरं केलंस. ह्या घरात तेवढं कोणी बोलत न्हाई. मिळणार न्हाई.

शिवकन्या


मस्तगड, जालना
१८ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तू आल्तीस तवा मी घरी न्हाई असं दीपमालानं तुला सांगितलं. मी होतो. गल्लीच्या तोंडाला. तू रिक्षातून उतरलीस, चाक गोणपाटात बांधलेलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. रिक्षावाला म्हणला, "आण मावशी, मी धरतो," तं तू त्याच्यावर खेकसलीस. मला हाक मारता आली असती. मी पानटपरीच्या मागं झालो. परत जाताना बी पाह्यलं. पाणीसुद्धा पिली न्हाईस म्हणे. पाठीत वाकलीस तू. एवढी कधी वाकलीस?

चाक बरेच दिवस भिंतीला टेकून होतं. मी बाजूनं जात-येत होतो. शेवटी दीपमाला म्हणली, "तुम्ही नेता का मी नेऊ लालमियाँकडं?" मंग नेलं. तुटक्या तारा बदलल्या, रिम सरळ केली. तुंबा उघडायची गरजच पडली न्हाई. आत तेल होतं. सायकलीला चढवलं, गिअरची तार जोडली, पण तिसरा लागंना, पॅडल नुसतं हवेत फिरायचं. तार एक आटा ढिली केली आणि खट्‌ करून बसला.

काल डबे लावून पुलावर गेलो. पायथ्याशी पहिला टाकला. पहिल्या गिअरला ते चाक बिलकुल आवाज करत न्हाई. वरपर्यंत उतरावं लागलं न्हाई. मंग उतारावर तिसरा टाकला आणि मागून टिकटिक सुरू झाली. अण्णा कामावरून आले की वेशीपासून ऐकू यायची ना, ती. तू चूल पेटवायचीस, मी पुस्तक उघडून बसायचो. पुलाखाली मी सायकल कडेला घेतली. काल बी डबे उशिरा पोचले.

तुझं पत्र खोटं ठरावं म्हणून मी लई डोकं चालवलं. एक गोष्ट आडवी येती. त्या दिवशी निघताना मी अण्णांच्या पायांवर हात ठेवला. त्यांनी पाय ओढून घेतले. मी म्हणलो, मुंग्या आल्या असतील. तुला ते ठाऊक न्हाई, तू त्या बाँडवाल्याला हाकलत बाहेर गेल्तीस. मला एकट्याला ठाऊक आहे.

माफी मागत न्हाई. ज्याची मागायची तो गेला. तुझी तं मागणारच न्हाई. फोन तू करायला पायजे होता, अक्का. त्यांनी नको म्हणलं तरी करायला पायजे होता. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं असतं, मी दारात उभा राह्यलो असतो, पण आलो असतो. हे मी मरेपर्यंत म्हणीन.

होळीच्या आधी एक दिवस यायचं म्हणतो. घरात यायचं न्हाई. अण्णांना उन्हाला बसवायचो त्या गोठ्याजवळ जरा वेळ बसंन आणि परत निघंन. तुझं काही न्यायचं न्हाई. चालंल का न्हाई, ते लिही.

धर्मा


धावडा
२७ फेब्रुवारी २०२५

धर्मा,

फोन करायला पायजे होता असं तू म्हणतोस. मी बी म्हणते. चूल फुंकताना म्हणते, मिरची तोडताना म्हणते. पण माझं मी म्हणलं तं चालतं. तू म्हणायचं न्हाई.

पाय ओढून घेतल्याचं वाचलं. ते मला ठाऊक नव्हतं. आणखी काही लिहीत न्हाई त्याच्यावर.

गोठ्याजवळ बसायचं काढू नको. उन्हात बसलेलं माणूस चार घरांना दिसतं, आणि कचरू तं खुर्ची घेऊन येईल. ओसरीवर ये. अण्णांचा पलंग तू नेलास, तो आता परत आणू नको, त्या जागी मी मिरचीचं बियाणं ठेवलंय. कपाट बी नको. रानाचं नाव काढायचं न्हाई. मी काढणार न्हाई, तू काढलंस तं उठवून लावीन, जेवत असलास तरी.

सायकलवर येशील आणि शान मारशील तं तसं करू नको. एवढा रस्ता आहे. एसटीनं ये. दीपमालाला आणायचं तं आण. तिच्याशी मी बोलंन, ती निदान तोंडावर बोलती.

रविवारी ये, त्या दिवशी तोडणी नसती. ठेचा-भाकरी होईल, वांगे निघाले तं भरीत होईल. पोट भरंस्तोर वाढीन. बोलणं तेवढं मागू नको.

शिवकन्या